या, लाटसाहेब!

मुलांनो, आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईंच्याही चुका होतात बरं का!

चौथीचा वर्ग. गणिताचा तास सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. आठवड्यातला हा त्याचा तिसरा उशीर. मी म्हटलं, "या, लाटसाहेब! आपलीच वाट पाहत होतो." सगळा वर्ग खो खो हसला. तो मान खाली घालून जागेवर जाऊन बसला.

मधल्या सुटीत तो टेबलाजवळ आला. मला वाटलं, आता रडतो की काय. पण त्याने विचारलं, "बाई, लाटसाहेब म्हणजे कोण?"

"म्हणजे... मोठा साहेब."

"केवढा मोठा?"

आता आली का पंचाईत! "उद्या सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली आणि संध्याकाळी थेट वाचनालय गाठलं.

लाट म्हणजे समुद्राची लाट नव्हे, हे तुम्ही ओळखलं असेलच. इंग्रजांच्या राज्यात 'लॉर्ड' हा शब्द आपल्या लोकांच्या तोंडी 'लाट' झाला. पण सगळे लॉर्ड सारखे नसतात. ब्रिटनमधल्या सरदारांच्या पाच पायऱ्या आहेत. सर्वांत खाली बॅरन. त्याच्या वर व्हायकाउंट, मग अर्ल, मग मार्क्विस आणि सर्वांत वर ड्यूक. पहिल्या चौघांना बोलताना 'लॉर्ड' म्हणतात. ड्यूकला मात्र 'युवर ग्रेस' म्हणायचं!

या नावांमागे एकेकाळी कामं होती. ड्यूक हा शब्द सेनानायक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. मार्क्विस सरहद्द सांभाळणारा. व्हायकाउंट म्हणजे काउंटचा मदतनीस. अर्ल ही यांतली सर्वांत जुनी पदवी. गंमत म्हणजे अर्लच्या बायकोला काउंटेस म्हणतात, कारण अर्लचं स्त्रीलिंगी रूपच इंग्रजीत नाही! पुढे कामं गेली, नावं तेवढी उरली. बापाची पदवी साधारणपणे थोरल्या मुलाला मिळू लागली. धाकट्यांनी आपलं नशीब आपण काढायचं.

याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचे वडील लॉर्ड होते, पण हे चौथे चिरंजीव. म्हणून एवढा मोठा अधिकारी असूनही ते लॉर्ड नव्हते. त्यांचा पुतण्या १८५३ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. तो मात्र थोरल्या भावाचा मुलगा, म्हणून लॉर्ड एल्फिन्स्टन! कॉलेजला नाव काकांचं आणि रेल्वे स्टेशनला पुतण्याचं. २०१८ मध्ये त्या स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं.

आणि 'सर'? ती सरदारकी नव्हे. 'सर' हा किताब एखाद्याच्या कामगिरीबद्दल देतात आणि तो त्याच्याबरोबरच संपतो. फक्त बॅरोनेटचा 'सर' वारसाने पुढे जातो. जे. जे. रुग्णालय तुम्हाला ठाऊक आहे ना? ते जमशेटजी जीजीभॉय लहानपणीच पोरके झाले होते. त्यांनी व्यापारात पैसा मिळवला आणि दानधर्मात खर्च केला. १८५७ मध्ये बॅरोनेट झालेले ते पहिले भारतीय.

दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगायचं ठरवून मी शाळेत आले, तर मैदानावर आरडाओरडा ऐकू आला. "ए लाटसाहेब, बॉल टाक!" "लाटसाहेब आऊट!" मुलं त्या मुलाला हाका मारत होती. तो काहीच बोलत नव्हता. ती पदवी मीच दिली होती. माझ्या पोटात कालवलं.

वर्गात पाची पायऱ्या फळ्यावर काढल्या आणि शेवटी मी टोनी बेन यांची गोष्ट सांगितली. ते ब्रिटनच्या संसदेत लोकांनी निवडून दिलेले खासदार होते. त्यांचे वडील व्हायकाउंट होते. थोरला भाऊ महायुद्धात गेला होता. त्यामुळे १९६० मध्ये वडील वारले, तेव्हा पदवी यांच्या गळ्यात पडली. लॉर्ड झालेल्याला लोकांच्या सभागृहात बसता येत नसे. बेन म्हणाले, मला ही पदवी नको. पण ती नाकारायची सोयच नव्हती! १९६१ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, तरी त्यांची जागा हरलेल्या उमेदवाराला मिळाली. ते लढत राहिले. अखेर ३१ जुलै १९६३ रोजी पदवी सोडण्याची मुभा देणारा कायदा झाला आणि त्याच दिवशी बेन यांनी ती सोडून दिली. नको असलेलं एक नाव टाकायला पावणेतीन वर्षं लागली!

वर्ग शांत होता. मी म्हटलं, "परवा मीही एकाला अशीच न मागितलेली पदवी दिली. ती मी आज परत घेते. माझं चुकलं. यापुढे त्याला त्याच्या नावानेच हाक मारायची."

तो खाली बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. सुटीत मी त्याला हळूच विचारलं, "उशीर का होतो रे?" तो म्हणाला, "आई पहिल्या बसनं कामाला जाते. बहिणीला बालवाडीत मीच सोडतो. बालवाडी आपल्या शाळेच्याच वेळेला उघडते, बाई."

हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. आता त्याच्यासाठी हजेरी मी तासाच्या शेवटी घेते.

त्याचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. पण तुम्हाला एक विचारते. तुमच्या वर्गातही कुणाला 'जाड्या', 'ढापण्या', 'लाटसाहेब' अशा पदव्या मिळाल्या आहेत का? त्या परत घ्यायला कुठलाही कायदा लागत नाही हं!