थव्यांतील ठिपकेवाला

एकाच वेळीं वळणारे पुष्कळ जीव पाहून मनुष्यास आनंद व्हावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. वारीच्या वाटेवर टाळकऱ्यांचीं पावलें एका ठेक्यांत पडूं लागलीं कीं रस्त्याच्या कडेचा नास्तिकही थांबतो. संध्याकाळीं बगळ्यांची रांग आभाळांत वळण घेऊं लागली कीं हातांतलें काम तसेंच राहतें. तोच मोह दीड इंच लांबीच्या माशांत आहे, आणि तो दिवाणखान्यांत बसून, पायांत जोडा न घालतां मिळतो, हा त्याचा विशेष.

आमच्या काचेच्या टाकींत सात मासे आहेत. बाजारांत त्यांना झेब्रा म्हणतात. अंगावर लांबच लांब निळे पट्टे आहेत म्हणून हें नांव. आफ्रिकेशीं त्यांचा संबंध एवढाच. मूळचे ते आपल्याकडचेच, गंगेच्या खोऱ्यांतील संथ ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत वाढणारे. कंपनी सरकारच्या नोकरींतील डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यानें गंगेंतील माशांवर १८२२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्यांचें पहिलें शास्त्रीय वर्णन आहे. मुलांचा ओढा अ‍ॅमेझॉनकडच्या निऑन टेट्राकडे होता, आणि त्या माशाचें तेज पाहतां तें स्वाभाविकही होतें. परंतु आम्हीं स्वदेशीचा पक्ष घेतला. सातांपैकीं एकाच्या अंगावर पट्ट्यांऐवजीं ठिपके आहेत. जात तीच, फरक अंगावरील नक्षीचा. त्याच्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे.

थव्याचा पुढारी कोण, असें येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. पुढारी नसतो. प्रत्येक मासा आपल्या शेजाऱ्यापुरतें पाहतो. त्यासाठीं त्याला डोळा आहेच. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंस डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली पार्श्वरेषा आहे, आणि शेजारी हलला कीं पाण्यांत उठणारी खळबळ तिच्यावर उमटते. १९८७ सालीं क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकन गृहस्थानें संगणकावर कृत्रिम पाखरें उडविलीं व त्यांना तीनच नियम घालून दिले: शेजाऱ्यावर आदळूं नये, त्याच्याच दिशेनें जावें, आणि त्यापासून फार दूर राहूं नये. एवढ्यावर हुबेहूब थवा जमला. चाळींत दिवस काढलेल्या वाचकास यांत नवें कांहीं वाटणार नाहीं.

तथापि पुढारी नसला तरी तो निर्माण करतां येतो. एरिख फॉन होल्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानें युरोपांतील नद्यांत आढळणाऱ्या मिनो नांवाच्या लहानशा माशावर एक प्रयोग केला. त्याची हकीकत कोनराड लोरेन्झनें आक्रमकतेवरील आपल्या १९६३ च्या पुस्तकांत दिली आहे. होल्स्टनें एका मिनोच्या मेंदूचा पुढील भाग काढून टाकला. असा मासा पाहतो, खातो, पोहतो; सोबत्यांची ओढ तेवढी त्याला उरत नाहीं. धडधाकट मासा थव्याबाहेर पडला तर चार बोटें जातो, आपल्यामागें कोणी येत नाहीं असें पाहतो, आणि मुकाट्यानें परत फिरतो. या माशास ती पर्वाच नव्हती. खाद्य दिसलें कीं तो सरळ निघे. आणि आश्चर्य असें कीं सगळा थवा त्याच्या मागें जाई. मेंदू गमावला म्हणून तो पुढारी झाला! यावर भाष्य करण्याचा मोह मोठा आहे; परंतु आमचा विषय मासे हा असल्यामुळें आम्हीं तो आवरला आहे.

आतां या एकीचें कारण. तें भीति. एकसारखे दिसणारे जीव एकदम हलूं लागले म्हणजे शिकारी माशाची नजर एकावर ठरत नाहीं व त्याची झडप फुकट जाते. मात्र सर्व सारखे दिसले पाहिजेत. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत रुपेरी माशांच्या थव्यांतील एकदोघांना निळा रंग देण्यांत आला, तेव्हां शिकाऱ्याचें काम सोपें झालें. आणि जेथें शिकारी नाहीं तेथें थवाही सैल पडतो. टाकी घरीं आणली त्या आठवड्यांत आमचे सातही मासे एका मुठींत मावतील असे फिरत. पुढें पाणी सवयीचें झालें, खाद्याची वेळ कळली, आणि जो तो आपापल्या वाटेनें हिंडूं लागला.

आमचे एक स्नेही मत्स्यपालनांत मुरलेले आहेत. त्यांना हें पांगलेपण पाहवेना. ते म्हणाले, "एक चांगला मोठा मासा सोडा आंत. बघा कसे शिस्तींत येतात ते!" मुलें हरखलीं. आम्हीही क्षणभर विचारांत पडलों, कारण ती कवाईत खरोखरच सुंदर असते. आमच्या कुटुंबानें मात्र विचारलें, "आणि त्यांनीं रात्रीं झोपावें कधीं?" स्नेह्यांजवळ उत्तर नव्हतें. आमच्या डोळ्यांपुढें तो ठिपकेवाला उभा राहिला. सोबती कोण हें हे मासे बाळपणीं शिकतात. २००४ सालच्या एका संशोधनांत पट्ट्यांचीं पिलें बिनपट्ट्यांच्या माशांत वाढविलीं, तेव्हां मोठेपणीं त्यांनीं बिनपट्ट्यांचीच सोबत पसंत केली. आपण स्वतः कसे दिसतों, हें त्यांच्या हिशेबांत नव्हतें. आमच्या ठिपकेवाल्यासही तें ठाऊक नसावें. तो पट्टेवाल्यांत बिनघोर मिसळतो. मोठ्या माशाला तें पहिल्याच दिवशीं कळलें असतें.

तेव्हां मोठा मासा आला नाहीं. याचा अर्थ या सातांना एकमेकांची गरज नाहीं असा कोणी करूं नये. यांतील एकटा उचलून बरणींत ठेवला तर तो घाबरून जातो. पांगलेले असले तरी एक दुसऱ्याच्या नजरेबाहेर फारसा जात नाहीं. दुपारीं वाऱ्यानें दार आपटलें कीं सातही जण क्षणांत एकत्र येतात, आणि ठिपकेवाला बहुधा मध्यें असतो. मग पुन्हा सैल होतात. स्नेही येतात, टाकीकडे पाहून मान हलवितात, आणि आम्ही चहा मागवितों.