दिवा विझला, म्हणजे गोळी घेतली?

शनिवार सकाळ. चहाचा दुसरा कप हातात आहे आणि ऑफिसचा लॅपटॉप मुद्दाम बॅगेतच ठेवलाय. आज एका बटणाची आणि एका दिव्याची गोष्ट सांगतो.

माझी आजी साताऱ्यात एकटी राहते. वय ८१. पुण्याला ये म्हटलं की "तुमच्या त्या फ्लॅटात माझा जीव घुसमटतो" हे ठरलेलं उत्तर. बीपीची एक गोळी तिला रोज सकाळी घ्यावी लागते, आणि ती घेतली की नाही हे तिच्या लक्षात राहत नाही. म्हणून मी रोज साडेसातला फोन करून विचारायचो. मग प्रोजेक्ट बदलला, सकाळचे कॉल सुरू झाले आणि आठवड्यातून दोन-तीनदा माझा फोन हुकायला लागला. म्हटलं, हे ऑटोमेट करून टाकू!

घरात एक रास्पबेरी पाय धूळ खात पडला होता. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून एक लाल एलईडी, एक मोठं बटण आणि ३३० ओहमचा रेझिस्टर (नारिंगी, नारिंगी, तपकिरी, कॉलेजचं एवढंच लक्षात राहिलंय) घेऊन आलो. पायच्या पिनवर ३.३ व्होल्ट येतात. रेझिस्टर न लावता एलईडी जोडला तर तो तरी जातो, नाहीतर पिन तरी. एलईडी १७ नंबरवर, बटण २७ नंबरवर, आणि दोघांचं दुसरं टोक ग्राउंडला. झालं हार्डवेअर.

लोक अशा कामाला पायथन वापरतात. मी शेल स्क्रिप्ट लिहिली, कारण काम खरंच चार ओळींचं होतं. पूर्वी सिसएफएसमधल्या एका फाईलमध्ये १ लिहिला की दिवा लागायचा. ती सोपी पद्धत २०१६ च्या लिनक्स ४.८ पासून जुनी ठरली. आता लिबजीपीआयओडीच्या कमांड वापरतात. त्यातली जीपीआयओसेट दिवा लावते, पण दुसऱ्या आवृत्तीत एक गंमत आहे: ती कमांड चालू असेपर्यंतच पिन धरून ठेवते. म्हणून तिला बॅकग्राउंडला सोडायचं आणि दिवा विझवायचा असेल तेव्हा चक्क किल करायचं. दुसरी कमांड जीपीआयओमॉन. ती बटणाची वाट बघत बसते आणि एक इव्हेंट मिळाला की उठते.

पहिल्या दिवशी लॉग बघितला तर आजीने एका मिनिटात चार गोळ्या घेतलेल्या! घाबरून फोन केला. ती म्हणाली, "अरे, एकदाच दाबलं की." बटणातले पत्रे एकमेकांवर आपटून काही मिलिसेकंद थरथरतात आणि कॉम्प्युटरला ती प्रत्येक थरथर वेगळी दिसते. डीबाउन्सचा पर्याय टाकला, पहिल्याच इव्हेंटला थांबायला सांगितलं, प्रश्न मिटला.

तर अशी व्यवस्था: सात वाजता क्रॉन स्क्रिप्ट सुरू करतो, आजीच्या ओट्यावर लाल दिवा लागतो. गोळी घेऊन तिने बटण दाबलं की दिवा विझतो आणि फाईलमध्ये तारीख-वेळ पडते. जीपीआयओमॉनच्या पुढे टाइमआउट लावला होता. दोन तासांत बटण दाबलं नाही तर १२४ हा एक्झिट कोड येतो आणि कर्लच्या एका ओळीने मला मेसेज.

महिनाभर एकही मेसेज आला नाही. ३० दिवस, ३० नोंदी. मी मित्रांना लॉग दाखवत फिरत होतो :) रोजचा फोन हळूहळू रविवारचा झाला, ते मला कळलंही नाही.

मग तिला तपासणीला घेऊन गेलो. बीपी बरंच जास्त आलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी नियमित घेतात ना?" मी मोबाईलवर लॉग पुढे केला. अगदी अभिमानाने. ते म्हणाले, मग डोस वाढवावा लागेल, आणि लिहायला लागले. इतक्यात आजीने पिशवीतून स्ट्रिपा काढून टेबलावर ठेवल्या, "ह्या आधी संपवू का?" मोजल्या. ९ गोळ्या शिल्लक.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. डोस होता तोच ठेवला आणि १५ दिवसांनी परत बोलावलं. मला मात्र घाम फुटला होता. माझ्या चार ओळींमुळे आजीचा डोस उगाचच वाढणार होता.

गाडीत बसल्यावर विचारलं, "आजी, गोळी न घेताच बटण का दाबायचीस गं?"

"अरे, दिवा विझला की तू निर्धास्त होतोस ना तिकडे? म्हणून उठल्या उठल्या आधी तेच करायचे. मग कधी गोळी राहून जायची."

काय बोलणार? स्क्रिप्टमध्ये बग नव्हता. बटण दाबलं गेलं एवढंच तिला कळत होतं आणि तेवढंच ती प्रामाणिकपणे लिहीत होती. त्याला 'गोळी घेतली' हे नाव मी दिलं होतं.

त्याच रात्री स्क्रिप्ट बदलली. आता सकाळी आजीने बटण दाबलं की दिवा लागतो आणि मला मेसेज येतो: आजी उठली. मग मी फोन करतो. मीटिंग असली तर पाच मिनिटं उशिरा जातो, आजवर कोणी काही म्हटलेलं नाही. फोन चालू असतानाच ती गोळी घेते, पाण्याचा घोट मला ऐकू येतो. मग मी एसएसएचने साताऱ्याच्या पायवर जाऊन तो जीपीआयओसेट किल करतो. म्हणजे दिवा विझवायचं काम आता माझ्याकडे.

पुढच्या तपासणीला बीपी उतरलेलं होतं.

परवा रिलीजच्या गडबडीत मी मेसेज बघितलाच नाही. साडेदहाला तिचाच फोन. "गोळी घेतली रे मी. पण तुझा दिवा अजून जळतोय. बरा आहेस ना?"