शिवगंगेच्या कांठचें चर्च

तंजावरास गेलेला महाराष्ट्रीय यात्रेकरू बृहदीश्वराचें दर्शन घेतो, देवालयाच्या भिंतीवर १८०३ सालीं कोरलेला भोसलेकुलाचा मराठी इतिहास पाहतो आणि स्टेशनाची वाट धरतो. परंतु तेथून हांकेच्या अंतरावर, शिवगंगा तलावाच्या कांठीं, १७७९ सालचें एक लहानसें चर्च आहे. आमच्या वाचकांनीं तेंही अवश्य पाहावें.

तें बांधविणारे श्वार्ट्झ हे जर्मन ल्यूथरपंथी धर्मोपदेशक. १७५० सालीं ते तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतींत उतरले, ते पुनः स्वदेशीं गेले नाहींत. तुळजाजी महाराजांनीं १७८७ सालीं, अंतकाळ जवळ आला असतां, नुकताच दत्तक घेतलेला बालक सरफोजी यांच्या ओटींत घातला. पुढें चुलते अमरसिंग गादीवर बसले. तेव्हां मुलाच्या विद्येची व हक्काची चिंता या परधर्मीय वृद्धानेंच वाहिली.

चर्चमध्यें फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचें संगमरवरी शिल्प आहे. गुरु मृत्युशय्येवर आहेत व तरुण सरफोजींनीं त्यांचा हात हातीं घेतला आहे. तें महाराजांनींच करविलें. गुरु १७९८ सालीं वारले, त्याच वर्षीं शिष्यास गादी मिळाली. शिष्यानें स्वधर्म सोडला नाहीं. सरस्वती महालांत त्यानें जमविलेल्या संस्कृत पोथ्या पाहाव्या. ऋण मात्र तो विसरला नाहीं, आणि आम्हां पंतोजींस याहून अधिक काय हवें असतें?

समाधि शहरांतील सेंट पीटर्स चर्चमध्यें आहे. तिच्या शिलेवर महाराजांनीं स्वतः रचिलेलें इंग्रजी पद्य आहे; अगदीं साधें, पण भाडोत्री कवीकडून करविलेलें नव्हे.