ब्यूलीच्या बाजारात एक बकल

विलायतेहून परतलेल्या माणसाला चार ठराविक प्रश्न विचारले जातात. लंडनचा टॉवर पाहिला का, राजवाडा पाहिला का, थंडी कितपत होती आणि येताना काय आणले? मी यंदा परतलो तेव्हा "विशेष काय पाहिलंत?" या प्रश्नाला खरे तेच उत्तर दिले, "भंगार बाजार." आमचे शेजारी पुण्याचेच. ते म्हणाले, "मग एवढ्यासाठी सातासमुद्रापलीकडे कशाला गेलात? आपला बुधवार-रविवारचा जुना बाजार काय वाईट होता?"

त्यांना सगळी हकीगत सांगायला दोन कप चहा लागला. वाचकांना चहाशिवायच सांगतो.

आमचे चिरंजीव साउदॅम्प्टनला असतात. नोकरी उत्तम, घर नीटनेटके, सूनबाई तिथल्या रुग्णालयात अपघात विभागात डॉक्टर, आणि चार वर्षांची एक नात. एवढे सगळे सुरळीत असले म्हणजे माणसाला काहीतरी खूळ हवेच. चिरंजीवांनी १९६४ सालची मॉरिस मायनर गाडी विकत घेतली. फुगीर गालांची आणि वाटोळ्या डोळ्यांची ही गाडी आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून आठवत असेल. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी तिचा आराखडा केला, आणि १९४८ ते १९७२ या काळात अशा सोळा लाखांवर गाड्या बनल्या. चिरंजीवांनी दोन वर्षे खपून तिला नवरीसारखी सजवली. अडले ते एका बकलापाशी.

त्या काळी मोटारीला सीट बेल्ट असलाच पाहिजे असा इंग्लंडात नियम नव्हता. हौशी मालक वेगळे पैसे मोजून तो बसवून घेत. या गाडीच्या पहिल्या मालकाने कँगोल कंपनीचे चुंबकाच्या बकलाचे पट्टे पुढच्या दोन्ही आसनांना बसवले होते. त्यांपैकी चालकाचा पट्टा शाबूत होता. शेजारच्या आसनाचा नुसता नाडा लोंबत होता, बकल गायब! मागच्या आसनाला तर पट्टे कधी नव्हतेच.

सूनबाईंनी जाहीर केले होते, "माझा आणि मुलीचा पट्टा धड झाल्याशिवाय आम्ही दोघी या गाडीत पाऊल ठेवणार नाही."

"अगं, कायदा जुन्या गाड्यांना सूट देतो," चिरंजीव म्हणाले. "मुळात पट्टे नसलेल्या गाडीत तीन वर्षांवरचं मूल मागच्या आसनावर नेता येतं."

"कायद्याला चालत असेल. मला चालणार नाही."

मी आपला सासऱ्याच्या नात्याने मध्यस्थी करायला गेलो. म्हटले, "आम्ही लहानपणी डॉक्टरकाकांच्या मोटारीत पुढे आईच्या मांडीवर बसून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जात असू. काही झालं नाही."

"बाबा, ज्यांना काही झालं नाही तेच सांगायला उरतात," ती शांतपणे म्हणाली. "पंधरा किलोचं मूल टक्कर होताना काही शे किलोंच्या जोराने पुढे ओढलं जातं. कुठल्याच आईचे हात तेवढे बळकट नसतात."

यावर मी पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घातले.

तेव्हा सप्टेंबरातल्या एका शनिवारी बाप-लेक बकलाच्या शोधात ब्यूलीला निघालो. हिने बरोबर धपाट्यांचा डबा दिला. गाडी अर्थात चिरंजीवांची रोजची, नव्या जमान्याची. साउदॅम्प्टन मागे पडले की ‘न्यू फॉरेस्ट’ लागते. नाव ‘नवे अरण्य’, पण ते राखून ठेवले विल्यम राजाने १०७९ साली! मधूनमधून दाट झाडी, मधूनमधून जांभळ्या झुडपांचे उघडे माळ, आणि सगळीकडे मोकळी फिरणारी तट्टे. ही तट्टे रानटी नव्हेत. प्रत्येकाला मालक आहे. चराईचा हक्क असलेले लोक ती सोडतात. रस्ता मात्र तट्टे आपल्याच मालकीचा समजतात.

एका वळणावर असेच एक तपकिरी तट्टू झुडपातून निघून शांतपणे आमच्यापुढे आले. चिरंजीवांनी करकचून ब्रेक दाबला. मी पुढे फेकला गेलो तो वीतभरच. छातीवरच्या पट्ट्याने मला असे धरले, जणू कुणी मागून कोट पकडला! तट्टूने आमच्याकडे एकदा पाहिले आणि ते पलीकडे गेले. धपाट्यांच्या डब्याला मात्र पट्टा नव्हता. तो काचेखालच्या फळीवर आपटून खाली पडला आणि धपाटी माझ्या पायांशी पसरली. ती गोळा करताना सूनबाईंचे बोलणे मला पुन्हा ऐकू आले.

ब्यूली हे नदीकाठचे टुमदार खेडे आहे. जॉन राजाने १२०४ साली इथे मठ वसवला, त्याचे अवशेष अजून उभे आहेत. गावात गाढवे दुकानांच्या दारांशी निवांत उभी असतात. इथल्या लॉर्ड माँटेग्यू यांनी मोटारींचे वेड असलेल्या आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ १९५२ साली वाड्याच्या दालनात पाच जुन्या मोटारी मांडल्या. त्याचेच पुढे राष्ट्रीय मोटार संग्रहालय झाले. जुन्या सुट्या भागांचा बाजार १९६७ पासून भरतो. त्याला ‘ऑटोजंबल’ म्हणतात.

बाजार म्हणजे काय, मैदानेच्या मैदाने भरली होती! गंजलेली चाके, पितळी दिवे, तेलाचे डबे, फाटक्या माहितीपुस्तिका, एनॅमलच्या पाट्या. एक आजोबा ढकलगाडीवर अख्खे इंजिन नेत होते आणि त्यांच्या आजीबाई मागून छत्रीने रस्ता दाखवत होत्या. कित्येकांच्या पाठीवर ‘अमुक हवे आहे’ अशा पाट्या टांगलेल्या. चिरंजीवांनीही पुठ्ठ्यावर ‘कँगोलचे चुंबकी बकल हवे’ असे लिहून पाठीवर लावले. स्वतःच्या लग्नासाठीसुद्धा या मुलाने एवढी जाहिरात केली नव्हती.

पाटी वाचून एका गृहस्थाने हाक मारली. त्याच्याकडे बकल होते, चकचकीत. पण ते होते जुन्यावरून साचा घेऊन ओतलेले. दुसऱ्याकडे तर अख्खा पट्टाच निघाला, कागदी वेष्टणातला, साठ वर्षांत एकदाही न वापरलेला! नवारीवर इंग्लंडच्या प्रमाण-मंडळाचे जुने लेबलसुद्धा शिवलेले. चिरंजीवांचे डोळे लकाकले. किंमत चाळीस पौंड. मी मनातल्या मनात रुपये करू लागलो, तेवढ्यात शेजारच्या तंबूतल्या बाई म्हणाल्या, "शोभेला घेताय की वापरायला?"

या बाई जुन्या पट्ट्यांना नवी नवार शिवून देण्याचा धंदा करतात. साठीच्या पुढच्या, बोटांना सुईचे घट्टे पडलेले. त्यांनी आम्हाला खोक्यावर बसवले.

"नवार न वापरता ठेवली तरी म्हातारी होते," त्या म्हणाल्या. "ऊन, ओल, बुरशी. वरून नवी दिसते, पण आतले धागे कसे आहेत ते डोळ्यांना कळत नाही. युरोपच्या नियमाप्रमाणे नवी नवार निदान दीड हजार किलोंच्या ओढीला टिकावी लागते. या पट्ट्याची हमी कोण देणार?"

"आणि ते ओतलेलं बकल?" मी विचारले.

"दिसायला सुंदर. पण मूळ जीभ पोलादाची, तिला बेताचं पाणी दिलेलं. पाणी कमी झालं तर वाकते, जास्त झालं तर तडकते. वरचं प्लॅस्टिकचं झाकण, बिल्ला, रंग यांची नक्कल मी खुशाल करते. पण ज्याच्यावर माणसाचा जीव तोलला जातो, त्याची नक्कल नुसत्या डोळ्यांनी करू नये. ते ओढून, मोडून पाहावं लागतं."

"शिवण तरी घरच्या मशीनवर चालेल?" चिरंजीवांची चिकाटी बापावर गेली आहे.

"तुमच्या आईंनी पडदे शिवावेत," बाई हसल्या. "दोरा कुठला, टाके किती, कुठल्या आकृतीत, सगळं ठरलेलं असतं. आणि एकदा टक्कर सोसलेला पट्टा फेकायचाच. त्याची नवार ताणली जाते, तेच तिचं काम. दुसऱ्यांदा ती तेवढी ताणत नाही."

मग चहा झाला. कँगोल म्हणजे मूळची टोप्या करणारी कंपनी, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना बेरे टोप्या पुरवणारी. तिनेच पुढे मोटारीचे पट्टे केले, हे बाईंनी कौतुकाने सांगितले. स्वीडनच्या नील्स बोलिन यांची गोष्टही निघाली. हे गृहस्थ आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवत. १९५८ साली ते व्होल्व्होत आले, आणि माणसाला आत धरून ठेवणारा, खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा त्यांनी काढला. १९५९ साली तो गाडीत बसला. कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना खुले ठेवले. नक्कल करावी तर अशा गोष्टीची, आणि अशी उजागर!

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तो वेष्टणातला पट्टा विकत घेतलाच. मी काही बोलणार, तोच म्हणाले, "भिंतीवर लावायला, बाबा." आणि बाईंकडे चार नवे पट्टे नोंदवले. जुन्या धाटणीचे क्रोमचे बकल, करडी नवार, पण सगळे नवे आणि तपासलेले. पुढच्या पट्ट्यांसाठी बोल्टांच्या जागा होत्याच. मागे पत्र्याखाली जाड पोलादी पट्टी बसवून घ्यायची असे ठरले.

तीन आठवड्यांनी मॉरिस फाटकाबाहेर निघाली. निघण्यापूर्वी सूनबाईंनी प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, नाडी पाहावी तसा. मग मागे नातीची खुर्ची पट्ट्याने आवळली, स्वतः पुढे बसल्या, आणि बकलाचा ‘खट्’ असा आवाज झाला. नवऱ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "गाडी छान झालीय हं." दोन वर्षांच्या खटपटीचे पैसे चिरंजीवांना त्या क्षणी वसूल झाले.

हे पट्टे आपोआप गुंडाळणारे नव्हेत. हाताने घट्ट करायचे, एकदा बसले की हलायची सोय नाही. मी नातीशेजारी असा जखडून बसलो असता ती म्हणाली, "आजोबा, तुमचा पट्टा सैल आहे." आणि पुढे वाकता येईना म्हणून तिथूनच हुकूम सोडला, "ओढा!"

मी मुकाट्याने ओढला. डब्यातली धपाटी या वेळी मी मांडीवर घेतली नाहीत. मधल्या आसनावर ठेवून त्यांनाही पट्टा लावला.