पाकाची परीक्षा

संक्रांत परवावर आली. गेल्या खेपेला साधा गूळ वापरला आणि चिवट गोळा हाती आला. या वेळी वाण्याकडून चिक्कीचाच गूळ आणला. दाणे खमंग भाजून पाखडले. गूळ वितळला, फसफसला. गार पाण्यात थेंब टाकला, तर मऊ. मिनिटाभराने पुन्हा. 'कट्' वाजला! (थर्मामीटरवाल्यांसाठी: सुमारे १५० अंश सेल्सिअस.) मग नुसती धावपळ. दाणे ढवळले, तूप लावलेल्या पोळपाटावर ओतून भराभर लाटलं, गरम असतानाच सुरीने रेघा मारल्या. आई हे सगळं गप्पा मारत करायची, थेंबबिंब न टाकता, नुसत्या वासावर. लोणावळ्याच्या चिक्कीसारखी पातळ काही जमली नाही. जाडजूड, एका कोपऱ्यात करपलेली. तरी डबा भरण्याआधीच निम्मी संपली.