तीस जणांची लाइन

आमच्या बदलापुरात ‘लाइन’ म्हणजे आगगाडीची, नाहीतर टेलिफोनची. टेलिफोनच्या लाइनीवर एकावेळी एकच बोलणे, अशी माझी समजूत होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात टेलिफोनचे काम पाहणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने ती मोडली. “सर, ही ई-वन. तारांच्या जोड्या दोन, बोलणारे तीस.”

प्रत्येक आवाजाचे सेकंदाला ८००० ठसे घ्यायचे, एकेक ठसा आठ शून्य-एकांत लिहायचा आणि आळीपाळीने धाडायचा. घरे मात्र ३२. एक सगळ्यांना ताल देण्यासाठी, एक कोणी कोणाला हाक मारली ते कळवण्यासाठी. त्या दोघांत कोणी बोलत नाही. (असे दोन बाक माझ्या वर्गात असते तर!)

अमेरिकेने १९६२ साली हीच युक्ती टी-वन या नावाने आणली, तिच्यात आवाज २४. आपण युरोपची तीसांची पद्धत घेतली. बरे, आवाज अंकांत मांडण्याची रीतही दोघांची निराळी. उल्हासनगरच्या सिंधी शेजाऱ्यांचे नातलग देशोदेशी, तशी माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला. तिचे बोलणे आमच्याकडे यायचे तर वाटेत त्याचे लिप्यंतर व्हायचे. आणि जागतिक नियम असा, की ते अमेरिकेच्या बाजूने करून द्यावे. हा नियम मला फार आवडला.

शेवटच्या आजारपणात आई रोज तिच्या फोनची वाट पाही. टेलिफोन सेकंदाला ३४०० कंपनांच्या वरचे सारे गाळतो. ‘स’चा बराचसा भाग त्यातच जातो. आई म्हणे, “पोरीचा ‘स’ तिकडेच राहिला.”