चिनार लाल होतो तेव्हा

काश्मीर म्हटलं की ट्यूलिप किंवा बर्फ आठवतो. पण ऑक्टोबरच्या अखेरीस श्रीनगरला गेलात, तर नजर खिळते ती चिनारवर. काश्मिरी लोक या ऋतूला ‘हरुद’ म्हणतात. निशात, शालिमार आणि हजरतबलजवळच्या नसीम बागेत पानं आधी पिवळी, मग केशरी आणि शेवटी लालबुंद होतात.

हा रंग येतो कुठून? पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, फक्त हिरव्या हरितद्रव्यामुळे झाकलेला. दिवस लहान झाले, थंडी वाढली की झाड हरितद्रव्य बनवणं थांबवतं आणि पानातला नायट्रोजन फांद्या-खोडात परत ओढून घेतं. हिरवा ओसरला की पिवळा दिसू लागतो. लाल रंग मात्र नव्याने तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा असला की तो जास्त खुलतो. मग देठ फांदीपासून सुटतो आणि पान गळतं.

म्हणजे पानगळ ही झाडाने केलेली हिवाळ्याची तजवीजच! माणसंही तेच करतात. गळलेली पानं गोळा करून, जाळून त्यांचा कोळसा करतात. तो कांगडीत, म्हणजे विणलेल्या टोपलीतल्या मातीच्या शेगडीत भरतात आणि ती फेरनच्या आत धरून कडाक्याची थंडी काढतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रंग ऐन भरात असतात. जाताना गरम कपडे मात्र न विसरता घ्या.